तो बाटला नव्हता

डब्लिनला आमच्या गल्लीत एक आजोबा राहतात. मूळचे डोनेगॉलचे, सत्तरी कधीच ओलांडलेली. तरुणपणी लंडनला बांधकामावर होते; खड्डे खणले, सिमेंट कालवलं, आणि पुढे परत येऊन इथे स्थिरावले. त्यांच्या स्वयंपाकघरात खिडकीशी एक जुना रेकॉर्ड प्लेयर आहे. मी पहिल्यांदा चहाला गेलो त्या दिवशी त्यांनी एक तबकडी काढली, बाहीने पुसली आणि मधल्याच एका गाण्यावर सुई अलगद टेकवली. अँडी अर्विन आणि पॉल ब्रेडी या आयरिश लोकगायकांच्या जोडीची ती १९७६ सालची तबकडी. गाणं होतं ‘आर्थर मॅकब्राइड’.

नाताळची सकाळ आहे. दोन पोरं समुद्रकाठाने फिरायला निघाली आहेत. वाटेत सैन्यभरतीचा सार्जंट भेटतो, बरोबर एक लहानगा ढोलवाला. सार्जंट सोन्याच्या दहा गिन्यांचं, चांगल्या कपड्यांचं आमिष दाखवतो. तुमच्यासाठी फ्रान्सला जाऊन आम्ही का मरायचं, असं पोरं विचारतात. सार्जंट तलवारीची भाषा करतो, तेव्हा पोरं त्याला काठ्यांनी झोडपून काढतात आणि तो ढोल लाथाडत नेऊन समुद्रात भिरकावतात. जवळजवळ सात मिनिटं, एकटा ब्रेडी आणि एक गिटार. आवाज कुठेही उगाच चढत नाही. शेजारी बसून घडलेली हकिगत सांगावी तसा तो सांगत जातो, आणि खाली गिटार क्षणभरही उसंत घेत नाही. गाणं संपलं तेव्हा माझा चहा निवला होता.

मग आजोबांनी दुसरी गोष्ट सांगितली. १९८१ साली याच ब्रेडीची नवी तबकडी आली, ‘हार्ड स्टेशन’. त्यांनी ती पहिल्याच आठवड्यात आणली. दोन-तीन गाणी ऐकली. इलेक्ट्रिक गिटार, ड्रम, रॉकचा सगळा थाट. त्यांनी ती काढून ठेवली आणि पुढे कुणाला तरी देऊन टाकली. एवढी वर्षं झाली, तरी सांगताना त्यांचा चेहरा उतरला. त्यांच्या सगळ्या बोलण्याला मराठीत एकच शब्द पुरेल: गायक बाटला.

आजोबांचं दुःख मला कळतं. त्यांचा निवाडा मात्र मला मान्य नाही, आणि तो केवळ एका गायकापुरता प्रश्न नाही म्हणून हे लिहितो आहे. लोकसंगीत जपलं पाहिजे याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण ते जपण्याचं ओझं आपण जेव्हा एकट्या गायकाच्या गळ्यावर ठेवतो आणि त्याने वेगळं काही गायलं की त्याला घर सोडून पळालेला ठरवतो, तेव्हा आपण चुकीच्या माणसाला जाब विचारत असतो.

आधी ब्रेडी आला कुठून ते पाहू. जन्म १९४७चा, वाढला उत्तर आयर्लंडमधल्या टायरोन परगण्यातल्या स्ट्रबेनला. सरहद्दीवरचं गाव, पूल ओलांडला की पलीकडे डोनेगॉल, दुसरा देश. आई-वडील दोघं शिक्षक. पोरगा वाढला रेडिओवर: स्विंग, जॅझ, मग रॉक अँड रोल. शाळकरी वयात उन्हाळ्यात बंडोरनच्या हॉटेलात पाहुण्यांसमोर वाजवायचा. साठच्या दशकात डब्लिनला विद्यापीठात आला तो ऱ्हिदम अँड ब्लूजच्या बँडमध्ये शिरला. अमेरिकन काळ्या गायकांची गाणी हा त्याचा पहिला ध्यास. लोकगीतांच्या ‘द जॉन्स्टन्स’ या गटात तो १९६७ला आला, त्यांच्याबरोबर लंडनला गेला, न्यूयॉर्कला गेला. १९७४ला गायक ख्रिस्टी मूर बाहेर पडल्यावर ‘प्लँक्स्टी’ या लोकसंगीताच्या गटाने त्याला बोलावून घेतलं. म्हणजे ज्याला आपण लोकसंगीतातून रॉककडे ‘गेलेला’ म्हणतो, तो खरं तर रॉककडूनच तिकडे आला होता. मधली दहा-बारा वर्षं त्याने जीव ओतला, आणि ती इतकी उजळ निघाली की ऐकणाऱ्यांना वाटलं, हा इथलाच, जन्मापासूनचा. आपल्याला माणूस जिथे पहिल्यांदा आवडतो, तेच त्याचं घर असं आपण धरून चालतो.

आता ते गाणंच घ्या, ज्यासाठी आजोबांचा जीव तुटतो. ‘आर्थर मॅकब्राइड’ ब्रेडीला कुठल्या टायरोनच्या म्हाताऱ्याने चुलीपाशी शिकवलेलं नाही. ते त्याला अमेरिकेत सापडलं. कॅरी ग्रोव्हर नावाच्या बाई कॅनडातल्या नोव्हा स्कॉशियात जन्मल्या, अमेरिकेच्या मेन राज्यात राहिल्या. आपल्या घरात गायली जाणारी गाणी त्यांनी एका पुस्तकात उतरवून ठेवली होती. त्यात हे गाणं होतं. आयर्लंडचं गाणं समुद्र ओलांडून गेलं, परमुलखात एका कुटुंबाने ते सांभाळलं, छापलं, आणि पॉपच्या वेडाने वाढलेल्या पोराने तिथून ते परत आणलं. यात शुद्ध काय आणि बाटलेलं काय?

आणि ती गिटार? आयर्लंडच्या गाण्यातली सगळ्यांत जुनी रीत, शान-नोस, ही साथीशिवायची. गाणारा डोळे मिटून एकटा गातो, फार तर शेजारचा कुणी त्याचा हात धरतो. त्या रीतीने पाहिलं तर ब्रेडीची ती सात मिनिटांची गिटार हीसुद्धा घुसखोरीच. आज पबमधल्या प्रत्येक सेशनमध्ये, म्हणजे वादकांच्या बैठकीत, दिसणारा बुझुकी हे तंतुवाद्य ग्रीसचं; साठच्या दशकाच्या मध्याला जॉनी मोयनिहान या वादकाने ते इथे आणलं. टिनची बासरी मँचेस्टरच्या कारखान्यात बनायला लागली ती १८४३च्या सुमारास. अ‍ॅकॉर्डियन, कॉन्सर्टिना एकोणिसाव्या शतकातले. बोरान हे चामड्याचं वाद्य सेंट स्टीफनच्या दिवशी दारोदार फिरणाऱ्या पोरांच्या हातात असायचं. त्याला मंचावर बसवलं संगीतकार शॉन ओ रियाडाने, साठच्या दशकात. ज्या फिडलच्या, म्हणजे व्हायोलिनच्या, शैलीला आज लोक स्लायगो परगण्याची अस्सल शैली म्हणतात, ती देशभर पसरली मायकेल कोलमनमुळे. तो स्लायगोचा खरा, पण वाजवला न्यूयॉर्कमध्ये, १९२०च्या दशकात, बाजारात विकायच्या तबकड्यांसाठी. त्या तबकड्या बोटीने मायदेशी आल्या आणि खेडोपाडीची पोरं त्या ऐकून वाजवायला शिकली.

मी हे परंपरा म्हणजे थोतांड आहे असं म्हणायला सांगत नाही. उलट. मी स्मिथफील्डच्या कॉबलस्टोन पबमध्ये सेशनला जाऊन बसतो तेव्हा मला काहीतरी फार जुनं चालू असल्यासारखं वाटतं, आणि ते खरंच असतं. मंच नाही, माइक नाही. कोपऱ्यातल्या बाकांवर वादक दाटीवाटीने. एक जण रील, म्हणजे नाचाची एक चाल, उचलतो, बाकीचे पहिलं आवर्तन नुसते ऐकतात, बोटं तारांवर ठेवून. दुसऱ्या आवर्तनाला एकेक जण आत शिरतो. नवख्याला कुणी हाकलत नाही, पण चाल येत नसेल तर गप्प बसायचं हे त्याला न सांगता कळतं. ही शिस्त, ही ऐकण्याची सवय म्हणजे परंपरा. वाद्य कुठून आलं याचा तिला फरक पडत नाही. तिला माणसं लागतात, आणि बसायला जागा लागते.

म्हणूनच तिला खरा घाला कुणी घातला हे पाहायला हवं. १९३५ साली आयर्लंडच्या सरकारने सार्वजनिक नृत्यगृहांचा कायदा केला. नाचासाठी परवाना हवा. धर्मगुरूंना खेड्यातले नाच नीतीला घातक वाटत होतेच. कायदा हाती आल्यावर घरातल्या स्वयंपाकघरात, चौकात जमून होणारे नाचही मोडून काढले गेले. त्यात भर स्थलांतराची. वाजवणारेच बोटीत बसून गेले. १९६८ला इलन पाइप्स या आयरिश बॅगपाइपच्या वादकांनी आपली संघटना काढली तेव्हा देशात शंभरही पाइपवादक उरले नव्हते. हे सगळं घडलं तेव्हा ब्रेडीने इलेक्ट्रिक गिटारवर रॉकचं एक गाणंही ध्वनिमुद्रित केलं नव्हतं.

आता १९८१. आदल्या दोन-तीन वर्षांत तो लोकसंगीताच्या शिखरावर होता. १९७८च्या त्याच्या तबकडीला ‘मेलडी मेकर’ या ब्रिटिश संगीत साप्ताहिकाने त्या वर्षीची सर्वोत्तम लोकसंगीताची तबकडी ठरवलं होतं. तशाच आणखी चार काढल्या असत्या तर कुणी एक शब्दही बोललं नसतं. पोट भरलं असतं, मान राहिला असता. ते सोडून त्याने स्वतःची गाणी लिहायला घेतली, तिशी ओलांडल्यावर, पुन्हा पहिल्यापासून. पैशासाठी गेला म्हणणाऱ्यांनी एवढं तरी पाहावं, की ज्या बाजारात तो उतरला तिथे त्याला ओळखणारं फारसं कुणी नव्हतं.

का गेला, याचं उत्तर मला ‘हार्ड स्टेशन’मधल्या ‘नथिंग बट द सेम ओल्ड स्टोरी’ या शेवटच्या गाण्यात सापडतं. एकोणीस-वीस वर्षांचा आयरिश पोरगा कामासाठी इंग्लंडला येतो. राबतो. आणि प्रत्येक वेळी तोंड उघडलं की बोलण्याच्या ढबीवरून समोरच्याच्या डोळ्यांत संशय उतरताना पाहतो. नोव्हेंबर १९७४मध्ये बर्मिंगहॅमच्या पबमध्ये बॉम्बस्फोट झाले, २१ माणसं गेली. आठवडाभरात ब्रिटनने दहशतवादविरोधी कायदा आणला. सहा निरपराध आयरिश माणसांना त्या स्फोटांसाठी जन्मठेप झाली आणि ती १९९१ला सुटली. या काळात लंडनच्या बसमध्ये बसलेल्या आयरिश मजुराच्या छातीत काय होत होतं, हे कुठल्या जुन्या पोवाड्यात सापडणार? जुन्या गाण्यांत स्थलांतर आहे, पण ते गलबतांचं. किनारा दूर जातो, आई रडते, प्रेयसी वाट पाहते. त्यात दिवसाची हजेरी नाही, भाड्याची खोली नाही, पोलिसांची नजर नाही. आणि त्या माणसाचा राग तर मुळीच नाही. तो राग गायला ब्रेडीला ड्रम लागले, आवाज फाटेपर्यंत ताणावा लागला. नाजूक बोटांनी छेडलेल्या गिटारवर तो मावला नसता.

२०२५च्या उन्हाळ्यात डब्लिनमध्ये भारतीयांवर हल्ले झाले, आपल्या दूतावासाला खबरदारीची सूचना काढावी लागली. त्या ऑगस्टमध्ये मी संध्याकाळी कामावरून चालत येताना अनेकदा हेच गाणं ऐकत होतो. अंधारी गल्ली टाळायची, फोनवर मराठीत बोलताना आवाज खाली आणायचा, अशा दिवसांत मला आयर्लंडच्या माणसाने लंडनबद्दल लिहिलेलं गाणं सोबत करत होतं. ‘आर्थर मॅकब्राइड’ माझं अतिशय आवडतं. त्या संध्याकाळी ते माझ्या उपयोगी पडलं नसतं.

आणखी एक गाणं, १९८५चं ‘द आयलंड’. उत्तर आयर्लंड ब्रिटनचं की आयर्लंडचं या संघर्षात तिथे माणसं मरत होती, आणि ब्रेडीने हिंसेला सरळ पाठ दाखवणारं प्रेमगीत लिहिलं. स्वतःच्या समाजातल्या काहींनी त्याला त्यावरून बोल लावले. बंडखोरांचे पोवाडे गाणं त्याला सोपं होतं, ती गाणी तोंडपाठ होती, टाळ्याही हमखास. स्ट्रबेनसारख्या गावच्या माणसाने ते न गाता हे गावं, यात मला मोठं धैर्य दिसतं. परंपरेच्या शब्दांत बोलत राहिला असता तर हे त्याला बोलताच आलं नसतं, कारण त्या शब्दांवर आधीच एका बाजूचा शिक्का बसलेला होता.

हरवलं काहीच नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. त्याच्या ऐंशीच्या दशकातल्या काही ध्वनिमुद्रणांवर त्या काळाच्या सिंथेसायझरचा आणि घणघणत्या ड्रमचा थर बसला आहे, आणि आज ऐकताना तो खटकतो. लोकगीतात त्याच्या तोडीचे दोन-तीनच होते. रॉकमध्ये चांगले गायक पुष्कळ. टीना टर्नरने ‘प्रायव्हेट डान्सर’ या १९८४च्या तबकडीत त्याचं गाणं घेतलं, बॉनी रेटने १९९१च्या तबकडीला त्याच्या गाण्याचंच नाव दिलं. पण जगात त्याचं स्वतःचं नाव त्या मानाने कमीच झालं. १९८४ला बॉब डिलन लंडनच्या वेम्ब्लीत गायला आले तेव्हा त्यांनी ब्रेडीला बोलावून घेतलं ते एक जुनं लोकगीत शिकायला. गिटारवर बोटं कुठे ठेवायची ते ब्रेडीने त्यांचा हात धरून दाखवलं, असं तो सांगतो. म्हणजे तो रॉकच्या वाटेला लागून तीन वर्षं झाली तरी रॉकच्या सर्वांत मोठ्या कवीला हवी होती त्याची जुनी वाट. ही बोच खरी आहे, आणि आजोबांच्या बाजूने हाच सर्वांत वजनदार मुद्दा आहे: जे तुलाच येतं ते टाकून जे अनेकांना येतं ते का करतोस?

याला माझं उत्तर असं, की माणसाचा गळा ही गावाची विहीर नव्हे. दुसऱ्याला ते येत नाही म्हणून तू आयुष्यभर तेच कर, हे आपण कुठल्याही सुताराला, डॉक्टरला सांगत नाही. गायकाला सांगतो, आणि त्याला प्रेम म्हणतो. शिवाय ज्याचं मन उठलं आहे त्याने गायलेलं लोकगीत ऐकणाऱ्याला लगेच कळतं. त्याने परंपरा टिकत नाही, नुसती तिची आरास होते.

बरं, सगळेच असे निघून गेले तर? हा प्रश्न रास्त आहे. पण आयर्लंडमध्ये नेमकं काय घडलं ते पाहा. ब्रेडी बाहेर पडला त्याच १९८१ला ख्रिस्टी मूर आणि डोनल लनी यांनी ‘मूव्हिंग हार्ट्स’ हा बँड काढला: इलेक्ट्रिक गिटार, सॅक्सोफोन आणि त्यांच्या मधोमध इलन पाइप्स. त्याआधी दहा वर्षं ‘हॉर्सलिप्स’ या बँडने जुन्या चालींवर रॉक उभा केला होता. १९८२ला डोनेगॉलच्या ‘क्लॅनड’ या गटाचं आयरिश भाषेतलं गाणं ब्रिटनच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पाचव्या क्रमांकावर गेलं. हा सगळा ‘बाटाबाटी’चा काळ. आणि याच दशकांत क्लेअर परगण्यातल्या मिलटाउन मॅलबेला १९७३पासून भरणारी, पाइपवादक विली क्लॅन्सीच्या नावाची उन्हाळी संगीतशाळा वाढत गेली, १९८७ला डब्लिनमध्ये पारंपरिक संगीताचं अभिलेखागार (अर्काइव्ह) उभं राहिलं, १९५१ साली सुरू झालेल्या ‘कोल्तस’ या पारंपरिक संगीताच्या संस्थेच्या शाखा गावोगावी मुलांना शिकवत राहिल्या. शंभरही वादक नसलेल्या पाइप्सला २०१७ला युनेस्कोच्या वारसा यादीत स्थान मिळालं. ही कामं कुणा एका गायकाने तिथेच थांबून राहण्याने झाली नाहीत. ती झाली आठवड्याच्या वर्गांनी, पगारी आणि बिनपगारी शिक्षकांनी, जुनी ध्वनिमुद्रणं जपणाऱ्यांनी. आणि पाइप्सचा आवाज पहिल्यांदा रॉकच्या मैफलीत कानावर पडलेल्या पोरापोरींनी.

उलट, २०२१ला मी वर सांगितलेल्या कॉबलस्टोनच्या जागी नऊ मजली हॉटेलचा प्रस्ताव आला. ज्या मागच्या खोलीत नवशिके शिकतात, तीच त्यात जाणार होती. वादक शवपेटी खांद्यावर घेऊन, वाजवत, महापालिकेवर चालत गेले. नोव्हेंबरमध्ये पालिकेने परवानगी नाकारली. त्या दिवशी परंपरेला जो धोका होता तो जमिनीच्या भावाचा होता. पुढच्या वर्षी सरकारने दोन हजार कलावंतांना आठवड्याला ३२५ युरो देणारी प्रायोगिक योजना सुरू केली. लोकसंगीत वाचवायचं असेल तर चर्चा याच गोष्टींची हवी: खोली कुणाची, भाडं किती, शिकवणाऱ्याच्या हाती महिनाअखेर काय पडतं. ज्याला राहायचं आहे त्याला राहणं परवडेल असं करणं आपलं काम आहे. ज्याला जायचं आहे त्याला अपराधी ठरवणं हे कुणाचंच काम नाही. आणि गेलेला येतही असतो. २०१७ला ब्रेडी अर्विनबरोबर पुन्हा मंचावर उभा राहिला आणि त्या १९७६च्या तबकडीची गाणी लोकांसमोर गायला.

गेल्या हिवाळ्यात आजोबांकडे पुन्हा गेलो. लंडनचा विषय निघाला. इंग्लंडात पाच वर्षं काढली, पण त्यांतली दोन वर्षं दुकानात गेल्यावर शक्यतो बोटानेच वस्तू दाखवत होतो, तोंड उघडत नव्हतो, असं त्यांनी सांगितलं. हे मी त्यांच्याकडून पहिल्यांदाच ऐकत होतो. मी विचारलं, त्या टाकून दिलेल्या तबकडीतलं शेवटचं गाणं तुम्ही ऐकलं होतं का? नव्हतं. तिथवर ते पोचलेच नव्हते. मी फोन टेबलावर ठेवला आणि लावलं. ते चहाचं आधण ठेवायला उठले होते, केटलीचं बटण दाबून पाठमोरे उभे होते. पहिलं कडवं संपता संपता केटली खळखळायला लागली. त्यांनी हात पुढे करून बटण बंद केलं आणि तसेच उभे राहिले.